आजीच्या अंत्यविधीला इंग्रजीत बोललेला नातू

प्रश्न थोडक्यात असा. नैरोबीत पार्कलँड्सला राहणारे एक मराठी गृहस्थ हिशेब-तपासणीच्या एका फर्ममध्ये वरच्या जागेवर आहेत. त्यांच्या हाताखाली २३ वर्षांचा एक केनियन मुलगा काम करतो. वडील किकुयू, आई लुओ (केनियातल्या या दोन मोठ्या जमाती), तो थोरला मुलगा. वाढला शहरातच, ईस्टलँड्समधल्या बुरुबुरुत. इंग्रजी, स्वाहिली आणि शेंग (नैरोबीच्या पोरांची मिश्र बोली) फाडफाड बोलतो. किकुयू थोडी कळते, बोलता येत नाही. लुओ अजिबात येत नाही. मध्यंतरी मुरांगाकडे त्याच्या वडिलांची आई वारली. पुरायच्या दिवशी नातवंडांतर्फे बोलायला त्याला उभं केलं, तो इंग्रजीत बोलला, मागून कुणीतरी ‘म्झुंगू’ म्हणजे गोरा साहेब म्हणालं आणि मांडवात हशा पिकला. तेव्हापासून तो गप्प असतो. शुक्रवारी भडक छापाचे ‘आफ्रिकन’ शर्ट घालून येतो, आणि फोनवर परदेशी क्लाएंटशी बोलताना अमेरिकन ढंगात बोलतो. एकदा जेवताना म्हणाला, “तुम्ही मुहिंदी (भारतीय) लोक शंभर वर्षं इथे राहूनही घरात आपली भाषा बोलता. आमच्याच देशात आमची भाषा कशी गेली? मी कुणाचाच नाही.” या गृहस्थांनी त्याला सांगितलं, आपल्या संस्कृतीचा अभिमान बाळग. तो हसला आणि डबा बंद करून उठला. आता याच्याशी बोलायचं तरी काय, असं ते विचारतात.

नमस्कार. तुमचं ‘अभिमान बाळग’ वाचून मी कपाळावर हात मारून घेतला, पण तुमच्या नावाने नव्हे. मी मूळची सातारची, नैरोबीत समुपदेशन करायला लागून मला बावीस वर्षं झाली. सुरुवातीला माझ्याकडे कांबा जमातीची एक मुलगी यायची, साधारण हीच तक्रार घेऊन. मी तिला अगदी हेच सांगितलं. वर पुस्तकांची यादी दिली, संग्रहालय बघून ये म्हटलं, पर्यटकांना निरनिराळ्या जमातींचे नाच दाखवतात तिथेही पाठवलं. ती शहाण्या मुलीसारखी सगळीकडे जाऊन आली आणि म्हणाली, “मॅडम, मी तिकीट काढून माझीच माणसं बघून आले.” त्यानंतर ती आली नाही. ज्याला लाज वाटते आहे त्याला अभिमान बाळग म्हणणं म्हणजे त्याच्या यादीत आणखी एक नापास विषय वाढवणं. आधी भाषा येत नव्हती, आता अभिमानही येत नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. त्याची आजी गेली. तिथे थांबायला हवं होतं. त्याला होणाऱ्या त्रासाला तो स्वतःच ‘आयडेंटिटी’ असं नाव देतोय आणि तुम्हीही ते उचललंत, पण त्यात निम्मं तरी साधं दुःख असेल. माणूस गेल्यावर रडायचं ज्या दिवशी, त्या दिवशी हा हसण्याचा विषय झाला. रडणं राहूनच गेलं. म्हणून पहिलं काम संस्कृतीचं नाही. त्याला विचारा, आजी कशी होती? काय करून खायला घालायची? सुट्टीत गेल्यावर कुठे झोपायचास? आणि मग ऐका. मध्ये आपल्या आजीची गोष्ट घालू नका. आपल्याला ती खोड असते.

आता त्या मांडवाबद्दल. किकुयू लोकांत मुलांची नावं ठेवायचा क्रम ठरलेला असतो. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचं, दुसरीला आईच्या आईचं. नाव दिलं की नुसती आठवण राहिली असं नाही, तो माणूसच परत आला अशी भावना असते. त्यामुळे नवऱ्याचं नाव लावणाऱ्या नातवाला आजी थट्टेने ‘माझा नवरा’ म्हणते, आणि बापाचं नाव ठेवलेल्या मुलाला आई लाडात ‘माझे बाबा’ म्हणते. आपल्याकडे हे समजायला जड जाऊ नये. मुलाला आजोबांचं नाव ठेवलं की सासऱ्याच्या नावाने हाक कशी मारायची म्हणून सून त्याला ‘आबा’, ‘नाना’ म्हणत राहते आणि तो पोरगा जन्मभर नानाच राहतो.

तुमच्या ऑफिसातला हा मुलगा थोरला आहे म्हणता. रीत पाळली असेल तर त्याला आजोबांचं नाव आहे, म्हणजे त्या बाईचा तो थट्टेतला नवरा. नातवंडं पुष्कळ असतील, त्यातून यालाच उभं केलं ते उगाच नसावं. भाषा येत नाही हे काय घरच्यांना ठाऊक नव्हतं? नावामुळे त्याची जागा तिथे होती म्हणून उभं केलं. त्याच्या कानात राहिलं ते मागून आलेलं हसू. पुढून आलेलं बोलावणं राहिलं नाही. हे तुम्ही त्याला सांगू नका. विचारा फक्त, की तुलाच का रे बोलवलं? माझ्याकडे आलेल्या अशाच एका मुलाला हा प्रश्न विचारला तेव्हा तो बराच वेळ नखं बघत बसला आणि म्हणाला, “शोशो मला नावाने कधी हाक मारायची नाही. मला वाटायचं ती विसरते.” शोशो म्हणजे आजी. त्याने त्याच रात्री वडिलांना फोन केला. (तपशील मी बदललेत, पण नखं बघणं खरं आहे.)

त्याचा प्रश्न मात्र टाळू नका. आमची भाषा कशी गेली, हा रास्त प्रश्न आहे आणि त्याला उत्तर आहे. उत्तर माहीत नसलं की माणूस दोष स्वतःकडे घेतो.

इंग्रजांच्या काळात इथल्या शाळांत मातृभाषेत बोलताना पकडलेल्या मुलाकडे एक बिल्ला द्यायचे. त्याने दुसऱ्या कुणाला पकडायचं आणि बिल्ला त्याच्याकडे सरकवायचा. संध्याकाळी तो ज्याच्याकडे असेल त्याला छड्या, किंवा ‘मी मूर्ख आहे’, ‘मी गाढव आहे’ असं लिहिलेला पत्रा गळ्यात. न्गुगी वा थिओंगो हे लेखक १९३८ साली लिमुरूजवळ जन्मले, त्यांनी स्वतः बघितलेलं हे लिहून ठेवलंय. यातली खरी मेख छडीची नाही. पोरांनाच एकमेकांचे हेर केलं, ही आहे. स्वतःच्या भाषेचा आवाज कानावर आला की दचकायचं, आणि दुसऱ्याच्या तोंडून आला की धरायचा. राज्य गेलं तरी बिल्ला बऱ्याच शाळांत राहिला. याच मुलाच्या आई-वडिलांना विचारलं तर त्यांच्याही शाळेतल्या एखाद्या बिल्ल्याची गोष्ट निघेल, निघतेच बहुतेक.

गळ्यात अडकवायची दुसरी वस्तू मोठ्या माणसांसाठी होती, किपांडे. कायदा १९१५ चा, अंमल पहिल्या महायुद्धानंतर. प्रत्येक आफ्रिकन पुरुषाने नाव, जमात, बोटांचे ठसे आणि मालकाचे शेरे असलेला कागद पत्र्याच्या डबीत घालून गळ्यात बांधून हिंडायचं. त्याच्याशिवाय सापडला तर दंड नाहीतर तुरुंग. तुमच्या मुलाच्या पणज्याने हे गळ्यात वागवलं असेल. आपली ओळख ही आपण सांगायची गोष्ट नसून दुसऱ्याने तपासायची गोष्ट आहे, असं दोनतीन पिढ्यांना शिकवलं गेलं. मग आज तो मांडवात उभा राहिला आणि आता कुणी आपल्याला तपासतंय असं त्याला वाटलं, तर त्यात नवल काय?

न्गुगींनी पुढे ‘जेम्स’ हे बाप्तिस्म्याचं नाव टाकलं. १९७७ साली त्यांची इंग्रजी कादंबरी आली, सरकारवर टीका असलेली. तिला कुणी हात लावला नाही. त्याच वर्षी त्यांनी कामिरीथूच्या गावकऱ्यांना घेऊन किकुयूत नाटक बसवलं. परवाना रद्द झाला आणि वर्ष संपायच्या आत लेखक तुरुंगात गेला. खटला नाही, काही नाही, वर्षभर आत. हे आफ्रिकन राज्यकर्त्यांनी केलं, गोऱ्यांनी नव्हे. मातृभाषेची भीती कुणाला वाटते ते त्यावरून कळतं. पण न्गुगींचं उदाहरण या मुलाच्या डोक्यावर मारू नका. इंग्रजी सोडल्याशिवाय तू खरा आफ्रिकन नाहीस, असं त्याला ऐकू येईल. नायजेरियाच्या चिनुआ अचेबेंनीही ‘अल्बर्ट’ टाकलं होतं, आणि ते मात्र जन्मभर मुख्यतः इंग्रजीतच लिहीत राहिले. ती भाषा आपल्या कामाला जुंपता येते असं त्यांचं म्हणणं. दोघांची नावं आफ्रिकेत आदरानेच घेतात. भांडण अजून मिटलेलं नाही आणि ते मिटवायची जबाबदारी तुमच्या ऑफिसातल्या पोरावर नाही.

आता घरातली गोष्ट, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. किकुयू ही बांटू कुळातली भाषा, लुओ ही नायलोटिक. मराठी आणि तमिळ जशा वेगळ्या कुळांतल्या, तशाच या. पण प्रश्न व्याकरणाचा नाही. स्वातंत्र्यानंतर तीन वर्षांतच, १९६६ मध्ये, पहिले राष्ट्राध्यक्ष केन्याटा (किकुयू) आणि त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष ओडिंगा (लुओ) वेगळे झाले, आणि किकुयू-लुओ हे केनियाच्या राजकारणातलं जुनं दुखणं होऊन बसलं. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर ते फुटलं: अकराशेहून जास्त माणसं मेली, सहा लाखांच्या आसपास घरं सोडून गेली. तुमचा मुलगा तेव्हा पाच-सहा वर्षांचा होता. त्या दोन महिन्यांत नैरोबीत माणसं मटाटूत (खाजगी मिनीबसमध्ये) फोन उचलायची नाहीत, कारण हॅलो म्हटल्यावर कुठली भाषा निघते यावरून तुम्ही कोण ते कळायचं. आडनाव विचारलं की लोक बाप्तिस्म्याचं नाव सांगायचे. बाप किकुयू आणि आई लुओ असलेल्या घरात तेव्हा काय बोलणं झालं असेल याची कल्पना करा. अशी बरीच घरं मला माहीत आहेत जिथे नवरा-बायकोने त्या जानेवारीत ठरवलं, आजपासून पोरांशी इंग्रजी आणि स्वाहिली, बाकी काही नाही. कुणी ते पोरांना कधी सांगितलं नाही. पोरं समजतात, आई-बापांना लाज वाटली म्हणून शिकवलं नाही, किंवा आपलंच डोकं कमी.

त्याला एवढंच सुचवा, की आई-वडिलांना विचार, तुम्ही आमच्याशी तुमची भाषा बोलायचं कधी थांबवलंत? ‘का’ विचारू नकोस, ‘कधी’ विचार. ‘का’ म्हटलं की आई-बाप खुलासे देतात. ‘कधी’ म्हटलं की गोष्ट सांगतात.

लुओ बाजू तुम्ही पत्रात एका वाक्यात संपवलीत. तोही तसंच करत असेल, कारण शहरात बापाच्या बाजूने मोजायची सवय. पण तिथे दार बहुधा जास्त सहज उघडेल. लुओंत वेळेवरून नाव असतं: रात्री जन्मला तर ओतिएनो, मुलगी असेल तर अतिएनो, पहाटे-सकाळी ओकिन्यी, अकिन्यी, पाऊस पडत असताना ओकोथ, अकोथ. शिवाय पूर्वजाचं नाव ठेवायचीही रीत आहे. मूल रडायचं थांबेना की गेलेल्या माणसांची नावं एकेक करून घ्यायची, ज्या नावाला ते शांत होईल ते त्याचं. कागदावर काहीही असो, त्याच्या आईने किंवा आईच्या आईने त्याला असं एखादं नाव दिलेलं असण्याचा संभव पुष्कळ आहे. तू किती वाजता जन्मलास, एवढं त्याने आईला विचारावं. एका प्रश्नात एक नाव मिळतं. एक सावधगिरी: किकुयूंत मुलग्यांची सुंता होते, लुओंत परंपरेने होत नाही, आणि राजकारणात त्यावरून फार घाणेरडं बोललं गेलंय. दोन्हीकडच्या मुलाला हा विषय कुठे ना कुठे टोचलेला असतोच. तुम्ही तो काढू नका. त्याने काढला तर चेहरा सरळ ठेवा.

आणि ‘मी कुणाचाच नाही’ हे त्याचं वाक्य केनियात भर कोर्टात लढलं गेलंय. एस. एम. ओतिएनो हे नैरोबीतले नामांकित लुओ वकील, बायको वांबुई किकुयू. २० डिसेंबर १९८६ ला ते वारले. बायको म्हणाली, ते आधुनिक माणूस होते, शेक्सपिअर म्हणायचे, मुलांना इंग्रजीत वाढवलं, त्यांना नैरोबीजवळच्या आमच्या जमिनीत पुरायचं. त्यांचं कुळ म्हणालं, लुओ माणूस बापाच्या गावी पुरला जातो, सियायातल्या न्यालगुंगाला. पाच महिने प्रेत शवागारात आणि अख्खा देश वर्तमानपत्राला चिकटलेला. शेवटी अपील कोर्टाने कुळाच्या बाजूने निकाल दिला आणि मे १९८७ मध्ये त्यांना न्यालगुंगाला पुरलं. विधवा तिथे गेली नाही. मला तो निकाल पटत नाही, हे सांगून टाकते. पण या खटल्याची गोष्ट मी अशा मुलांना सांगते, कारण ती ऐकल्यावर त्यांना पहिल्यांदा कळतं की दोन घरांच्या मध्ये उभं राहणं हा त्यांचा खाजगी दोष नाही. त्यांच्या जन्माआधी मोठमोठे वकील आणि न्यायाधीश त्याच जागी अडखळले होते.

बोलण्याच्या ढंगाबद्दल तुम्ही जरा कुचेष्टेने लिहिलंय, म्हणून थोडं. नैरोबीत यासाठी दोन शब्द आहेत. इंग्रजी बोलताना गावची भाषा डोकावली, किकुयूने ‘ल’ आणि ‘र’ची अदलाबदल केली, की त्याला म्हणतात श्रब केलं. आणि परदेशी हेल काढला की ट्वेंग. श्रब केलं तर गावंढळ म्हणून हसतात, ट्वेंग केलं तर शिष्ट म्हणून. मधली जी चिंचोळी पट्टी उरते तीवरून हा पोरगा दिवसभर चालतो. आपल्याकडे ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं की वर्गात हसणारे होतेच की. ज्याला हसले त्याला अजून आठवतं, हसणाऱ्यांना नाही. तुमच्या क्लाएंटला आकडे कळल्याशी मतलब. पुढच्या वेळी फोन झाल्यावर एवढंच म्हणा, तू शांतपणे नेहमीसारखं बोललास तेव्हा तुझं स्पष्टीकरण जास्त कळलं. ते खरं असेल तरच म्हणा.

शेंगला तो ‘भेसळ’ म्हणत असेल तर तिथे मात्र त्याला टोका. ती त्याच्याच भागात, ईस्टलँड्सच्या चाळीवजा वस्त्यांत तयार झालेली भाषा आहे. स्वाहिली, इंग्रजी, किकुयू, लुओ, सगळ्यांतून घेतलेले शब्द, आणि रोज नवे. नैरोबीत एक रेडिओ स्टेशन तीवरच चालतं. जून २०२४ मध्ये वित्त विधेयकाविरुद्ध हीच पिढी रस्त्यावर उतरली तेव्हा त्यांची घोषणा होती, आम्हाला जमात नाही, नेता नाही, पक्ष नाही. २५ तारखेला ती पोरं संसदेत घुसली, माणसं मेली, आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी विधेयकावर सही करायला नकार दिला. तो तिथे होता का विचारा. असेल तर ‘मी कुणाचाच नाही’ हे वाक्य त्या दिवशी त्याच्या तोंडी नसणार. अडचण एवढीच, की ‘जमात नाही’ हे रस्त्यावर पुरतं, आणि आजीच्या खड्ड्यात मूठभर माती टाकताना काही म्हणावंसं वाटतं तेव्हा पुरत नाही. दोन्ही गरजा खऱ्या आहेत.

शुक्रवारच्या शर्टांवरून त्याची थट्टा करू नका, आणि कुणी केली तर मला एक गंमत माहीत आहे ती सांगा. पश्चिम आफ्रिकेचं म्हणून जे मेणछापाचं कापड जगभर ओळखलं जातं, त्याचा सगळ्यांत नावाजलेला कारखाना हॉलंडमध्ये हेल्मोंडला आहे, १८४६ पासून. नक्कल करायची होती जाव्हाच्या बातिकची, खपलं ते आफ्रिकेत. आणि तिथल्या बायकांनी त्याला इतकी नावं आणि अर्थ दिले की आज ते त्यांचंच आहे. इकडे केनियात नाताळला चपाती हवीच, तिला पोरं ‘चापो’ म्हणतात. कचुंबरी जेवणात असतेच. स्वाहिलीत विम्याला ‘बिमा’, लाखाला ‘लाकी’, गाडीला ‘गारी’. शुद्ध काही शोधायला निघाला तर हाती काही लागणार नाही, हे त्याला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्याच्या ताटातून लवकर कळेल.

आता तुमच्याकडे वळते. रागावू नका. तुम्ही घरात भाषा कशी टिकवलीत, असं त्याने विचारलं आणि तुम्हाला ते कौतुक वाटलं. मला ते पूर्ण कौतुक वाटत नाही. इंग्रजांनी इथे गोरे वर, आपण मध्ये, आफ्रिकन खाली असे मजले बांधले होते. शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या. मधल्या मजल्यावर आपल्याला आपलं दार लावून घेता आलं, म्हणून भाषा, देव, लोणची सगळं आत टिकलं. त्यांच्या घराला दारच ठेवलं नव्हतं. हे त्याच्यासमोर कबूल करायला हरकत नाही. आणि दाराच्या आत आपण त्यांच्याबद्दल कुठले शब्द वापरतो तेही एकदा आठवून बघा. २०१७ मध्ये सरकारने इथल्या आशियाई वंशाच्या लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली, आपल्या मंडळांत पेढे वाटले गेले. घरात झाडलोट करणाऱ्या बाईचा कप मात्र पुष्कळ ठिकाणी अजून वेगळाच असतो. त्या मुलाला हे दिसतं. तुमच्या तोंडून संस्कृतीवर व्याख्यान ऐकताना त्याला तो कप दिसत असेल तर तो हसून डबा बंद करणारच.

आणि तुमची स्वतःची मुलं घरात कुठल्या भाषेत भांडतात? भांडण हीच खरी कसोटी. इंग्रजीत भांडत असतील तर तेही त्याला सांगा. त्याला वाटतंय त्याच्याएवढी रिकामी जागा कुणाचीच नाही.

करायचं काय, असं विचाराल. माझ्याकडे मोठा कार्यक्रम नाही. केनियात अंत्यविधीला छापील पुस्तिका वाटतात: फोटो, प्रार्थना, आणि पहिल्या पानांवर मृताची सगळी माणसं, अमक्याची मुलगी, तमक्याची बहीण, यांची आजी. त्याच्या आजीची पुस्तिका घरात कुठेतरी पडलेली असणार. ती काढायची आणि त्यातल्या प्रत्येक नावापुढे, हे माझे कोण, मी यांना काय म्हणायचं, हे लिहायचं. निम्मी येणार नाहीत. ती विचारायला कुणाला तरी फोन करावा लागतो, आणि तो फोन हाच इलाज. भाषेचे वर्ग लावू नये असं नाही, पण वर्गात पुन्हा परीक्षा आली. मी वीस वाक्यांपासून सुरू करायला लावते: आत या, जेवलात का, पाय दुखतात का, मी निघतो, पुढच्या महिन्यात येतो. ती एका माणसाला म्हणायची असतात, म्हणून आधी माणूस ठरवायचा. आजी गेली, पण तिची बहीण, जाऊ, शेजारीण कुणी असेल. मटाटूत ड्रायव्हर इनोरो नाहीतर कामेमे ही किकुयू रेडिओ स्टेशनं लावतो तेव्हा कानातली बोंडं काढून ठेवायची, लुओसाठी रामोगी. रेडिओ म्हणजे देवघर नव्हे हेही लक्षात असू द्या. २००७-०८ मध्ये मातृभाषेतल्याच काही कार्यक्रमांवर आग लावल्याचा आरोप झाला होता.

तो चुकेल तेव्हा लोक हसतील. याची तयारी आधीच करून घ्यावी लागते. माझ्याकडचा तो नखं बघणारा मुलगा गावी गेला तेव्हा म्हातारीला ‘जेवलात का’ विचारायच्या ऐवजी भलतंच काहीतरी बोलला, आणि सगळं अंगण हसलं. परत येऊन सांगताना तोही हसत होता. “या वेळी मी हसवलं,” म्हणाला.

स्वतःची किंमत कमी वाटण्यात पोटापाण्याचाही भाग असतो, तो तुमच्या हातात आहे. त्याने तयार केलेल्या फाइलवर त्याचं नाव जातं का? त्याचं नाव नीट उच्चारता का, की सोपं म्हणून बाप्तिस्म्याच्या नावाने हाक मारता? कुठलं नाव त्याला आवडेल ते विचारा, आणि तो जे सांगेल ते पाळा, मग ते इंग्रजी का असेना.

झोप उडाली असेल, पिणं वाढलं असेल, कामावर दांड्या पडत असतील, किंवा मेलेलं बरं असं काही तो थट्टेतसुद्धा बोलला, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी त्याला कुणा डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे घेऊन जा. तिथे भाषा, जमात काही बघत बसायचं नाही. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही, पण तुम्ही त्याला दिवसातले आठ तास बघता, मी नाही.

गावी जाणार असेल तर रिकाम्या हाताने जाऊ देऊ नका. साखर, चहापत्ती, पाव, मक्याचं पीठ, एवढं नेतातच. तुम्हीही त्यातली साखर घेऊन दिलीत तर चालेल, पण गाडी आणि सोबत देऊ नका. माझ्याशी बोलायचं असेल तर मी शनिवारी सकाळी असते. नंबर त्याला द्या. फोन त्याचा त्याला करू दे, तुम्ही वेळ ठरवून देऊ नका.